इंग्रजीतलं ‘सिझल’ (sizzle) म्हणजे नेमकं काय? हॉटेलातला सिझलर आणि पेपरातलं ‘नागपूर सिझल्स’, दोन्हींत एकच शब्द आहे का?

हो, शब्द एकच. मी नागपूरचा, त्यामुळे दर मे महिन्यात याच्याशी गाठ पडतेच.

सिझल हा मुळात आवाज. फोडणीत मोहरी तडतडते, तो सिझल नव्हे. त्यानंतर चिरलेला कांदा तेलात सोडला की जे ‘चर्रर्र’ होतं ना, तो सिझल. कांद्यातल्या पाण्याची तापलेल्या तेलात क्षणात वाफ होते, तिचा हा आवाज. म्हणजे ओल हवीच. आणि तवा प्रमाणाबाहेर तापला तर पाण्याचा थेंब चर्र करतच नाही, स्वतःच्याच वाफेवर तरंगत गोटीसारखा पळत सुटतो. करून बघा.

हॉटेलात तापलेल्या लोखंडी प्लेटवर सॉस पडतो, वेटर धूर काढत येतो आणि शेजारची चार टेबलं वळून बघतात. सिझलचा ‘झगमगाट, भुरळ’ हा अर्थ इथूनच समजतो. ‘स्टेक विकू नका, सिझल विका’ हे एल्मर व्हीलर या अमेरिकन विक्रीगुरूचं 1930 च्या दशकातलं वाक्य आजही मार्केटिंगवाले घोळवतात.

पेपरातला सिझल म्हणजे नुसता उकाडा, आवाज वगैरे काही नाही. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता, पण त्या उन्हातही गच्चीवर ओतलेलं पाणी चर्र करत नाही. संध्याकाळी बादली उपडी केली की स्लॅब ते गुपचूप पिऊन टाकतो.

म्हणून ‘नागपूर चरचरलं’ असं भाषांतर करू नका. आपलं ‘चर्र’ वेगळ्याच वाटेने गेलंय, ते काळजात होतं. ‘माय हार्ट सिझल्ड’ लिहिलंत तर इंग्रज माणसाला कोळशावरची कलेजी आठवेल. ‘भाजून निघालं’ म्हणा, ‘अंगाची लाही लाही’ म्हणा. आम्ही तर नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, एवढंच म्हणतो, ‘काय तापून राहिलं बे!’

जाता जाता, ‘फिझल’शी गल्लत नको. फिझल आउट म्हणजे फुस्स होणं. आमच्या ऑफिसातल्या एकाने रद्द झालेल्या योजनेबद्दल मेलमध्ये ‘सिझल्ड आउट’ लिहिलं, आणि साहेबांनी खूश होऊन पुढची तारीख विचारली.