गोळ्या तुमच्या, किल्ली मात्र त्याच्याकडे

पत्र

मी ४३ वर्षांची आहे. ४ वर्षांपूर्वी मला पॅनिक अटॅक यायला लागले. गर्दीत श्वास कोंडायचा, आता आपण मरतो असं वाटायचं. डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम, सकाळी एक आणि रात्री एक, अशी दिली. अटॅक थांबले, गोळी मात्र चालूच राहिली. डोस मी स्वतःहून कधी वाढवला नाही. आता ती सोडायची आहे आणि नवऱ्याची मला पूर्ण साथ आहे. त्याने बरंच वाचून महिन्याभराचा बेत आखलाय. ३ आठवड्यांपूर्वी सकाळची गोळी बंद केली. मला मोह नको म्हणून गोळ्या त्याच्या कपाटात असतात, किल्ली त्याच्याकडे. रात्री साडेनऊला तो एक गोळी काढून देतो. संध्याकाळपासूनच माझं लक्ष घड्याळाकडे असतं, याची लाज वाटते. मध्यंतरी तो २ दिवस बाहेरगावी गेला आणि किल्ली चुकून त्याच्याबरोबर गेली. दोन्ही रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हात थरथरत होते, मांडीचे स्नायू आपोआप उडत होते, दाराची बेलसुद्धा सहन होईना. तो आला, गोळी घेतली आणि तासाभरात सगळं शांत झालं. तो म्हणाला, "बघ, किती व्यसन लागलंय तुला." मलाही तसंच वाटतं. मनोनिग्रह कसा वाढवू? डॉक्टरांना अजून काही सांगितलेलं नाही, पूर्ण सुटली की सांगायचं असं ठरलंय.

उत्तर

तुम्ही विचारलंय मनोनिग्रहाबद्दल. मी अडकले ते "किल्ली त्याच्याकडे" या दोन शब्दांपाशी. नवरा किती साथ देतो हे सांगताना तुम्ही ते ओघात लिहून गेलात. माझं सगळं उत्तर त्या किल्लीबद्दलच आहे. ती आज परत घ्या.

तुमचा नवरा प्रेमळ असेल. असेलच, तुम्ही खोटं कशाला लिहाल? पण ज्या दोन रात्रींचं तुम्ही वर्णन केलंय त्या वाचून माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या रात्री त्याच्या प्रेमळ बेतामुळेच तुमच्या वाट्याला आल्या. ४ वर्षं रोज घेतलेलं अल्प्राझोलाम एकदम तुटलं तर माणसाला फिट येऊ शकते. आधी कधीही फिट न आलेल्या माणसालाही येऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये अल्प्राझोलाम ज्यात मोडतं त्या बेन्झोडायझेपिन गटातल्या सगळ्या औषधांवरची ठळक चौकटीतली सूचना आणखी कडक केली, त्यामागे हेही एक कारण होतं: औषध अचानक थांबवलं किंवा डोस फार भराभर उतरवला तर जीवावर बेतू शकतं. तुमचं औषध घरात होतं, तुमच्यापासून काही पावलांवर, आणि तुम्हाला ते मिळत नव्हतं. "चुकून" हा शब्द मला इथे पुरत नाही. कुलूप लावलं म्हणून ती चूक होऊ शकली.

आता व्यसनाचं बोलू, कारण तो शब्द तुमच्या मनात रुतलाय. व्यसन लागलेला माणूस डोस वाढवत नेतो, लपवतो, नुकसान दिसत असूनही हात आवरू शकत नाही. तुम्ही ४ वर्षं चिठ्ठीवर लिहिलं तेवढंच घेतलंत. त्या दोन रात्रींतसुद्धा तुम्ही कपाट फोडलं नाहीत, कुणाकडून गोळी मागून आणली नाहीत, थरथरत बसून राहिलात. तुमच्या शरीराला औषधाची सवय झाली आहे, आणि ती इतकी वर्षं रोज घेणाऱ्या कुणालाही होऊ शकते. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, ते चेतापेशींची उत्तेजना कमी करतं. अल्प्राझोलाम त्याचा परिणाम वाढवतं. महिनोन् महिने हे चाललं की मेंदू त्या वाढीव परिणामाशी जुळवून घेतो आणि गाबाला पूर्वीइतका प्रतिसाद देईनासा होतो. मग औषध एकदम काढून घेतलं की चेतापेशी नको तितक्या उत्तेजित होतात. थरथर, उडणारे स्नायू, बेलचा असह्य आवाज, पळालेली झोप हे सगळं त्यातून येतं. यात मनोनिग्रह कुठे आला?

आणखी एक गोष्ट तुमच्याच पत्रात आहे. जुन्या अटॅकमध्ये तुमचा श्वास कोंडायचा आणि मरणाची भीती वाटायची, तेही गर्दीत. या वेळी तुम्ही घरात होतात, आणि जे झालं त्यात आवाज सहन न होणं आणि स्नायू उडणं होतं. ही नवी लक्षणं आहेत, गोळी तुटल्याबरोबर आली आणि गोळी घेताच गेली. जुना आजार उलटला तर तो सहसा जुन्याच रूपात येतो. त्यामुळे "मी गोळीशिवाय जगूच शकत नाही" हा निष्कर्ष त्या रात्रींवरून काढू नका. त्या रात्रींवरून एवढंच कळतं की औषध फार वेगाने काढलं गेलं.

किती वेगाने, ते पाहा. तुमचा दिवसाचा डोस १ मिलिग्रॅम होता. सकाळची गोळी बंद केल्यावर तो एका दिवसात निम्मा झाला. अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी मिळून २०२५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत सुरुवात करताना दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात सुचवली आहे, आणि कोणत्याही २ आठवड्यांत २५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नका असं म्हटलंय. तुमची पहिली कपात थेट ५० टक्क्यांची होती. ब्रिटनमध्ये न्यूकासलला हेदर अ‍ॅश्टन या डॉक्टरबाई १९८२ ते १९९४ अशी १२ वर्षं याच गटातल्या गोळ्या सोडवण्याचं क्लिनिक चालवत होत्या. त्यांची सगळी शिकवण संथ, छोट्या पायऱ्यांची होती, आणि वेग रुग्णाच्या अंगाला झेपेल तो. ४ वर्षांची सवय उतरायला कित्येक महिने लागतात, एखाद्याला वर्ष किंवा त्याहूनही जास्त. महिन्याभराचा बेत कुठे वाचला कोण जाणे, तो फाडून टाका.

नुसता डोसच निम्मा झाला असंही नाही. अल्प्राझोलाम शरीरात फार काळ टिकत नाही. साधारण ११ तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्मं होतं. पूर्वी तुम्ही दर १२ तासांनी गोळी घेत होतात. आता रात्री साडेनऊची गोळी दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत पुरवायची आहे. म्हणजे संध्याकाळी सात-साडेसातला रक्तात तिचा जेमतेम चौथा हिस्सा उरलेला असतो. नेमक्या त्याच वेळी तुमचं लक्ष घड्याळाकडे जातं आणि तुम्हाला त्याची लाज वाटते. अहो, लाज कसली? तुमचं शरीर बरोबर वेळ सांगतंय. एक आख्खी वेळ उडवून टाकण्यापेक्षा दोन्ही वेळा ठेवून प्रत्येकीतून थोडं थोडं कमी करणं अशा गोळीच्या बाबतीत जास्त सोसवतं. एक दिवस घ्यायची, एक दिवस नाही, हा प्रकारही याच कारणाने टाळायचा.

हे सगळं तुमच्या नवऱ्याला कळायला मार्गच नव्हता, कारण त्याच्या अंगात ते होत नव्हतं. किल्लीबद्दलचा माझा आग्रह आहे तो इथे. डोस उतरवताना पुढची पायरी कधी घ्यायची, कुठे थांबायचं, हे ज्याच्या अंगाला थरथर सुटते त्याने डॉक्टरांना सांगायचं असतं. कुठल्याही पायरीवर ४-६ आठवडे थांबून राहण्याची मुभा असते, त्यात हार काही नसते. पण थांबायला हवं हे तुम्ही नवऱ्याला सांगाल का? त्याने एकदा "व्यसन" म्हटल्यावर? मला तरी वाटतं की तुम्ही दात आवळून गप्प बसाल, आणि तो बेत छान चाललाय असं समजून पुढची कपात करेल. शिवाय ज्या माणसाला मुळात भीतीचाच आजार होता, तिला रोज रात्री आपलं औषध दुसऱ्याच्या हातून मिळण्याची वाट बघायला लावणं, हा उपचार कोणत्या पुस्तकात बसतो?

एकच अपवाद. गोळ्या जास्त घेऊन जीव द्यावा असा विचार तुमच्या मनात कधी येऊन गेला असेल, किंवा आता येत असेल, तर औषध दुसऱ्या कुणी सांभाळणं योग्य ठरतं. पण तेव्हाही ती व्यवस्था डॉक्टरांसमोर, तुमच्या संमतीने ठरते आणि ती व्यक्ती गावाला जाताना गोळ्यांची सोय करून जाते. असा विचार असेल तर हे पत्र इथेच ठेवा आणि आत्ता डॉक्टरांना फोन करा.

नसेल, तर आज रात्री नवऱ्याला एवढंच सांगा: "गोळ्या आजपासून माझ्याकडे राहतील. किती कमी करायच्या ते डॉक्टर ठरवतील." स्पष्टीकरण देत बसू नका, माफी तर अजिबात मागू नका. घरात लहान मुलं असतील तर गोळ्या कुलपातच ठेवा, पण किल्ली तुमच्याजवळ. त्याला मदतच करायची असेल तर पुष्कळ काही आहे. तुम्ही रात्री जाग्या असाल तेव्हा शेजारी बसावं, त्या दिवसांत घरातला आवाज कमी ठेवावा, गाडी तुमच्याऐवजी त्याने चालवावी, दवाखान्यात सोबत यावं. गोळ्या मोजणं आणि शेरे मारणं सोडून काहीही. तो किल्ली द्यायला नाही म्हणाला, तर मला पुन्हा लिहा. मग आपला विषय गोळ्यांचा राहणार नाही.

डॉक्टरांना "सुटली की सांगू" हे मला मुळीच पटलेलं नाही. सुटताना ते लागतात, सुटल्यावर त्यांचं काय काम? उद्या सकाळी फोन करा आणि ३ आठवड्यांपासूनचं सगळं सांगा: कधीपासून एक गोळी, त्या २ दिवसांत काय काय झालं, सध्या संध्याकाळी कसं वाटतं. डोस पुन्हा वाढवायचा की आहे तिथेच स्थिरावायचं, हे ते ठरवतील. तुम्ही मनाने वर जाऊ नका आणि खालीही येऊ नका. ०.२५ ची गोळी अर्धी केली तरी तुकडा ०.१२५ चा होतो, म्हणजे १ मिलिग्रॅमच्या साडेबारा टक्के. शेवटी डोस ०.५ वर आला की तोच तुकडा २५ टक्क्यांचा होतो. म्हणून शेवटच्या पायऱ्या बऱ्याच जणांना सगळ्यात जड जातात. तिथे डॉक्टर कधी डायझेपामसारख्या, शरीरात कितीतरी जास्त वेळ टिकणाऱ्या औषधावर नेतात आणि त्यातून बारीक पायऱ्यांनी उतरवतात. ते सगळ्यांना चालत नाही, आणि कुठली गोळी किती गोळीच्या बरोबरीची हे गणित घरी करायचं नाही. तुमची गोळी लांब असर राहणारी, म्हणजे एसआर किंवा एक्सआर असेल, तर ती तोडायची वा चुरायची नसते, तेही विचारून घ्या. अटॅकसाठी मानसोपचाराची सत्रं सोबत चालू ठेवली तर गोळी सुटण्याची शक्यता वाढते, तेव्हा त्याचाही आग्रह धरा. या काळात दारू नाही, आणि झोप आणणारं दुसरं कुठलंही औषध, अगदी खोकल्याचंसुद्धा, न विचारता नाही.

एक वही करा. तारीख, गोळीची वेळ, किती मिलिग्रॅम, झोप किती, थरथर होती की नाही, एवढंच. ती डॉक्टरांना दाखवायची आहे, घरात तपासायला द्यायची नाही. फिट आली, समोर नसलेलं काही दिसू लागलं, आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं, तर वही बाजूला आणि तडक हॉस्पिटल. आणि हे नवऱ्याला आजच सांगून ठेवा, कारण त्या क्षणी हालचाल त्याला करायची आहे.

डॉक्टरांची भेट होईपर्यंत यापुढे एक कणही कमी करायचा नाही. आज रात्री साडेनऊची गोळी तुम्ही तुमच्या हाताने स्ट्रिपमधून काढून घ्या.