धार तूच लाव

प्रिय बेटा,

रविवारी तू गेल्यावर तुझ्या स्की मी पुन्हा बाहेर काढल्या. "काका, तुमच्याकडेच राहू द्या, घरी बघवत नाहीत," असं म्हणून तू त्या दारामागे ठेवून गेलीस. पिशवीची चेन उघडली तर आतून कुबट वास आला. डाव्या स्कीच्या आतल्या कडेवर, बूट बसतो तिथून पुढे वीतभर, तांबूस गंज चढलेला. म्हणजे गुलमर्गहून निघताना तू त्या पुसल्या नाहीस. ओल्याच एकमेकींना बांधल्यास, आणि ग्वाल्हेरला आल्यावर महिनाभर पिशवी उघडलीसुद्धा नाहीस. शर्यतीत तुझी दुसरी रन, म्हणजे उताराची दुसरी फेरी, अर्धवट राहिली याचं मला जेवढं वाईट वाटलं, त्याहून जास्त त्या गंजाचं वाटलं.

तू विचारत होतीस, सपाटीवरच्या माणसानं या नादाला लागावं का. गुलमर्गच्या, मनालीजवळच्या सोलंगच्या मुली बर्फावरच चालायला शिकतात, आपण एकविसाव्या वर्षी किती धावणार. हे खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही. ऑलिंपिकला गेलेल्या आरिफ खानच्या वडिलांचं गुलमर्गलाच स्कीच्या सामानाचं दुकान, पोरगा चौथ्या वर्षी बर्फावर उभा. तरी 2022 साली बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला आणि स्लॅलम, म्हणजे त्याहून जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून वळत उतरायची शर्यत, त्याला पूर्ण करता आली नाही. भारताच्या संपूर्ण पथकात तो एकटा खेळाडू होता. आंचल ठाकूरनं 2018 मध्ये तुर्कस्तानात एर्झुरूमला स्लॅलमचं कांस्य आणलं, तेव्हा स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक म्हणून ते गाजलं. बर्फात वाढलेल्यांची ही गत आहे. तुझी वाट त्याहून लांब आहे हे तुलाही ठाऊक आहे, मी गोड बोलून ती जवळ येणार नाही.

पण मी तुला दुसरं काही विचारलं होतं. शर्यतीच्या आदल्या रात्री स्कीच्या कडांना धार कुणी लावली? तू म्हणालीस, "टीममधल्या एका दादांनी. त्यांचा हात चांगला आहे, मला लवकर झोपायचं होतं." माझा चेहरा बदललेला तुला दिसला असेल. मी चहाच्या निमित्तानं आत गेलो, कारण तोंडून वाईट काही गेलं असतं.

मीही लवकर झोपलो होतो. 1986 चा फेब्रुवारी. झेलम एक्सप्रेसनं जम्मू, तिथून बसनं पुढे, दोनशे सेंटिमीटरच्या सरळ लांब स्की उराशी धरून. तेव्हा गेटना, म्हणजे वळणाच्या खुणांना, आमच्याकडे बांबूच्या काठ्या असायच्या, खांदा लागला की आठवडाभर हात वर होत नसे. शर्यतीच्या आदल्या रात्री एक जण म्हणाला, दे इकडे, मी लावतो धार, तू आराम कर. मी दिल्या. सकाळी उतार काचेसारखा होता, आदल्या दिवशी वितळलेलं पाणी रात्रीत गोठलेलं. पहिल्या रनला मी बरा होतो. दुसऱ्या रनला, शेवटून तिसऱ्या गेटला डावीकडे वळताना उजवी स्की सुटली, बर्फावरून खरडत गेली आणि मी जाळीत. खाली येऊन कडेवर नख फिरवलं. डाव्या स्कीवर नखाचा पांढरा कीस निघाला. उजवीवर काहीच नाही, नख नुसतं घसरलं.

बारा वर्षं मी त्या माणसाला दोष दिला. लग्नात भेटला तरी नीट बोललो नाही. पण नख मी शर्यतीच्या आधी का नाही फिरवलं? पाच सेकंदांचं काम होतं. आणि खरी खंत वेगळीच आहे बेटा. मी पडलो तो धारेमुळे की माझ्या पायांमुळे, हे मला आजतागायत माहीत नाही. उजवी चांगली असती तर ते वळण निघालं असतं का? पुढच्या वर्षी मी नोकरी धरली. वडिलांची तब्येत बिघडली होती, धाकटी बहीण लग्नाची होती, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या वाड्याचं भाडं तुंबलं होतं. मी घाबरून सोडलं असं काही जण म्हणाले. तसं नव्हतं. मी पुन्हा गेलो असतो. पण 'मी बरा होतो का' याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि उत्तर नसताना घरच्यांकडून आणखी पैसे मागायला तोंड उघडेना. हे मी आजवर कुणाला लिहिलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, धार तूच लाव. हात चांगला नसला तरी तूच लाव.

तू म्हणशील, मोठ्या खेळाडूंना स्की तयार करून देणारे सर्व्हिसमन असतात. असतात. अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन स्वतः कानस घेऊन बसत नाही, हे मलाही माहीत आहे. आणि बीजिंगला तीसुद्धा जायंट स्लॅलम आणि स्लॅलममध्ये पहिल्या काही गेटमध्येच बाहेर पडली, जगातल्या उत्तम तयार केलेल्या स्की पायात असताना. धार लावली म्हणून पडणं थांबत नाही. पण तिच्या स्कीवर शंका नव्हती, त्यामुळे चूक शोधायला एक जागा कमी. तुझ्याकडे आज दोन्हीकडे शंका आहे. आणि त्या शंकेवर तू आयुष्याचा निर्णय घ्यायला निघालीस! मला याचाच राग येतो.

आता ऐक, आणि या वेळी नीट ऐक. जोर सगळा बाहेरच्या पायावर येतो, आणि तो पाय बर्फाला धरतो तो दोन मिलिमीटरच्या पोलादी पट्टीनं. आधी त्या पट्टीवर मार्करनं रेघ ओढ. मग अठ्ठ्याऐंशी अंशांच्या गाइडला, म्हणजे कोन धरून ठेवणाऱ्या साच्याला, कानस लावून टोकाकडून शेपटीकडे एकाच दिशेनं, हलक्या हातानं ओढ. जिथे शाई राहिली तिथे कानस लागलेली नाही. शाई पूर्ण गेली की थांब, पोलाद काही परत वाढत नाही. मग ओला डायमंड स्टोन, कानशीनं उठलेली बारीक कुसळं काढायला. बोटाला ती कुसळंच धारेसारखी लागतात आणि काही गेटनंतर मोडून पडतात. माझ्या उजव्या स्कीवर तसंच झालं असावं असं मला अलीकडे वाटतं. शेवटी नख. दोन्ही स्की, चारही कडा, टोकापासून शेपटीपर्यंत. शर्यतीच्या सकाळी पुन्हा नख.

बाकीचं तू करतेसच. किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याचा चढ चांगला आहे, पण चढण्यापेक्षा उतरताना लक्ष दे, मांडीला उतरणंच शिकवतं. मेळ्याच्या मैदानावर सकाळी इनलाइन स्केट्सवर बाटल्या मांडून वळणं घेतेस, ते बघून मला फार बरं वाटतं. बँकेच्या परीक्षेचं म्हणशील तर दे परीक्षा. आईला सांग मी सांगितलंय, दोन्ही होतं. नोकरी लागली म्हणून स्की विकाव्या लागत नाहीत. मी विकल्या, ते मला लागलेल्या घाईमुळे. त्याचा दाखला घेऊ नकोस.

पुढच्या हंगामात एक शर्यत अशी पळ की स्कीचं सगळं तुझ्या हातचं असेल. दोन्ही रन. मग जो वेळ येईल, किंवा जिथे पडशील, तो वेळ तुझा आणि ते पडणं तुझं. मग येऊन विचार सपाटीवरच्या माणसानं काय करावं ते. तेव्हा मी उत्तर देईन.

गंज मी काढलेला नाही. मुद्दाम तसाच ठेवलाय, हात लावलेला नाही. वरवरचा आहे, रबराच्या दगडानं निघेल. रविवारी सकाळी सातला ये, ऊन चढलं की अंगणात स्कीच्या तळाला लावलेलं मेण घट्ट होत नाही. मेण वितळवायची इस्त्री माझ्याकडे आहे. धूर आला तर ती जास्त तापलीय असं समजायचं, तेवढं तुला सांभाळावं लागेल. उन्हाळा-पावसाळ्यासाठी जाड थर द्यायचा, कडांवरून ओघळू द्यायचा आणि खरवडायचा नाही. तळ पुसायला आईची एखादी जुनी सुती साडी आण, नवं फडकं धागे सोडतं. आणि मार्कर आण. माझा वाळलाय.

तुझा,
काका