आधी रुग्णाला विचार, किती मिनिटांनी दुखतं?

प्रिय,

स्नायू दुखणाऱ्या रुग्णाचं ‘सीके वाढलंय, थेट एक्झोम पाठवू का?’ असं तू विचारलं आहेस. सीके म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, आणि एक्झोम म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या सगळ्या जनुकभागांची तपासणी. पाठवावं लागेलच, पण आधी रुग्णाला विचार, त्रास किती मिनिटांनी सुरू होतो?

जिना चढताना किंवा ओझं उचलताना पहिल्या काही मिनिटांतच स्नायू आखडत असतील, तर ग्लायकोजेन (स्नायूंतला साखरेचा साठा) वापरण्याच्या वाटेवरचा दोष शोध. मॅकार्डल हा त्यातलाच एक आजार, त्यात ग्लायकोजेन फोडणारं फॉस्फोरिलेज हे एन्झाइम स्नायूंत नसतं. त्याच्या रुग्णाने वेग कमी केला, की साधारण दहा मिनिटांत त्याला चालणं सोपं जातं. हे तो आपणहून सांगत नाही, कारण सगळ्यांचं असंच होतं अशी त्याची समजूत असते. खोदून विचार. त्रास तासाभराच्या श्रमानंतर, उपाशीपोटी किंवा तापात होत असेल आणि लघवी गडद होत असेल, तर सीपीटी-टू या चरबी जाळायला लागणाऱ्या एन्झाइमची कमतरता आधी मनात आण. डिपस्टिकवर (लघवीत बुडवायच्या पट्टीवर) रक्त दिसतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी नाहीत, तर ते मायोग्लोबिन (फुटलेल्या स्नायूंतलं प्रथिन) धर.

नमुना कधी घेतला, यावर बरंच अवलंबून आहे. मॅकार्डलमध्ये सीके एरवीही चढलेलं असतं. सीपीटी-टूमध्ये दोन झटक्यांच्या मधे ते नॉर्मल येतं, कधी कधी अ‍ॅसिलकार्निटिनही (चरबी नीट जळत नसल्याचं दाखवणारी रक्तचाचणी). म्हणून झटका चालू असताना, ग्लुकोज चढवण्याआधी, नमुना घेऊन ठेव.

मूठ आवळायला लावून हाताच्या रक्तातले बदल बघायची फोरआर्म चाचणी दंडाला पट्टा न आवळता कर. रक्तप्रवाह रोखून केली, तर स्नायूच दगावू शकतो. आधी शिरेत कॅन्युला (रक्त घ्यायची नळी) लाव आणि विश्रांतीचा नमुना घे. मग मिनिटभर पूर्ण जोराने मूठ आवळायला लाव आणि 1, 2, 3, 5 व 10 मिनिटांनी लॅक्टेट (ग्लायकोजेन वापरलं गेल्याची खूण) आणि अमोनिया (जोर लावल्याची खूण) दोन्ही पाठव. अमोनिया बर्फात, ताबडतोब. तो भराभर चढला आणि लॅक्टेट हललंच नाही, तर दोष ग्लायकोजेनच्या वाटेवर आहे, हे जवळपास पक्कं. दोन्ही सपाट असतील, तर रुग्णाने जोरच लावला नाही. चाचणी पुन्हा कर.

एएसटी-एएलटी (यकृत आणि स्नायू दोन्हींत असणारी एन्झाइम) वाढलेले पाहून यकृताच्या मागे लागू नकोस. जीजीटी (स्नायूंतून न येणारं यकृताचं एन्झाइम) नॉर्मल असेल तर आधी सीके बघ. कमरेचे स्नायू कमजोर असतील, तर आडवं झोपवून एफव्हीसी (पूर्ण श्वास भरून बाहेर टाकता येणारी हवा) मोज आणि वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर पॉम्पे या आजाराचं (यात पेशींत ग्लायकोजेन साचतं) एन्झाइम तपास. त्यावर उपचार आहे, म्हणून हा आजार चुकवणं परवडत नाही. उशिरा दिसणाऱ्या पॉम्पेत स्नायूची बायोप्सी निर्दोष येऊ शकते. रॅब्डोनंतर (स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटण्याच्या झटक्यानंतर) लगेच घेतलेली बायोप्सीही फसवते: नव्याने वाढणाऱ्या तंतूंमध्ये फॉस्फोरिलेज दिसतं आणि मॅकार्डल नाही असं वाटतं.

जनुकीय अहवालात एकच दोषी प्रत सापडली, तर दुसरी इंट्रॉनमध्ये (जनुकातल्या प्रथिनाची सूचना नसलेल्या भागात) लपली असेल. काही पॅनेल (ठरावीक जनुकांच्या चाचण्या) तिथे बघतच नाहीत. अर्थ न लागलेला व्हेरियंट (जनुकातला बदल) असेल, तर आई-वडिलांचे नमुने मागव.

अहवाल येईपर्यंत सीपीटी-टूचा संशय असलेल्या रुग्णाने उपास करू नये आणि तापात श्रम टाळावेत. त्याला व्हॅल्प्रोएट (फिटचं औषध) देऊ नकोस. लघवी पुन्हा गडद झाली, तर त्याच दिवशी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघ.