कोलोनच्या स्टुडिओत सहा महिने: तू विचारलंस म्हणून

तुझा मेसेज वाचला. कोलोनला टीव्ही स्टुडिओत सहा महिन्यांची प्लेसमेंट, म्हणजे इंटर्नशिप, मिळतेय, जाऊ का, जर्मन किती लागेल, पुढे काम मिळतं का, आणि शेवटी ‘मावशी, खूप एकटं वाटतं का गं?’ याला चार ओळी पुरल्या असत्या. पण दोन दिवस झाले, तेच डोक्यात घोळतंय. तेव्हा आता चहा घेऊन बस आणि वाच.

व्हिसाची कागदपत्रं, विमा, खात्यात किती पैसे दाखवायचे हे सगळं वकिलातीच्या साइटवर आहे आणि ते बदलत राहतं. ते मला विचारू नकोस.

तुझ्या कॉलेजच्या पत्राकडे मात्र नीट बघ. प्लेसमेंट अभ्यासक्रमात सक्तीची आहे असं त्यात लिहिलं असेल, तर तिकडच्या कायद्याने किमान वेतन द्यावं लागत नाही. ऐच्छिक असेल आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त असेल, तर द्यावं लागतं. म्हणून ते लोक गोड बोलून ‘सक्तीची’ असं पत्र मागतात. खरंच सक्तीची असेल तर प्रश्नच नाही, पण मग निदान खोलीचं भाडं निघेल एवढं द्याल का, हे आधी विचार. लाजू नकोस. तो कायदा लागू झाला 1 जानेवारी 2015 ला. माझी प्लेसमेंट संपली डिसेंबर 2014 मध्ये. पाच महिने मी फुकट राबले आणि वर निघताना सगळ्यांसाठी घरून बेसनाचे लाडू करून नेले.

राबले म्हणजे काय, तर केबल. तुझ्या डोळ्यांसमोर झगमगाट असेल. मी पहिले सहा आठवडे खांद्यावर कॅमेरा घेतलेल्या माणसाच्या मागे त्याची केबल सांभाळत फिरले. तो मागे आला की आपण मागे, तो वळला की सैल सोडायची, कुणाच्या पायात येऊ द्यायची नाही, आणि स्वतः फ्रेममध्ये यायचं नाही. मला वाटलं होतं हे तर येतंच. कर्वे रोडवरच्या एका लोकल चॅनेलला आणि लग्नांच्या शूटिंगला मी तीन वर्षं काढली होती. पहिल्या दिवशी काम संपल्यावर केबल अंगठा आणि कोपराभोवती गरागरा गुंडाळली, आपण गुंडाळतो तशी. तिथल्या एका वयस्कर कॅमेरामनने ते भेंडोळं माझ्या हातातून घेतलं आणि काही न बोलता सगळंच्या सगळं जमिनीवर सोडून दिलं. माझे कान लाल झाले. मग त्याने माझा हात धरून दाखवलं: एक वेढा सुलटा, एक मनगट वळवून उलटा, परत सुलटा. कोपराभोवती गुंडाळली की प्रत्येक वेढ्याला केबलला पीळ बसतो, आतल्या तारा हळूहळू तुटतात. सुलट-उलट घेतली की टोक धरून फेकायची, गाठ न पडता सरळ जाते. त्या माणसाने मला पाच महिन्यांत बाकी फारसं काही सांगितलं नाही, पण हे शिकवलं.

परवा आईच्या सोसायटीत गणपतीच्या लायटिंगची वायर एक मुलगा कोपराला गुंडाळत होता. मी ती त्याच्याकडून घेतली आणि सोडवायला लागले. ‘काकू, राहू द्या, उद्या परत लावायचीच आहे,’ म्हणाला.

भाषेचं सांगते. बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात बी-वन, म्हणजे जर्मनची मधली पातळी, करून गेले होते. त्याने पाव विकत घेता येतो. कानाला हेडसेट लावला की दिग्दर्शक, लाइटवाले, साउंडवाले एकाच वेळी बोलतात, तिथे बी-वनचा काही उपयोग नाही. मी ‘ॲक्शन’ कधी म्हणतात याची वाट बघत उभी, आणि तिथे म्हणतात ‘उंड बिटं’, म्हणजे शब्दशः ‘आणि प्लीज’. शो सुरू व्हायच्या आधी कुणी ‘टोय टोय टोय’, म्हणजे आपलं ऑल द बेस्ट, म्हणालं तर थँक्यू म्हणायचं नाही, अपशकुन समजतात. मी म्हणाले होते. स्टुडिओत लहानमोठे सगळे एकमेकांना ‘अरे-तुरे’च करतात. आपल्या जिभेवरचं ‘अहो’ जायला वेळ लागतो. ओळखीचं वाटलं ते एकच, टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेळ दाखवणारे आकडे. आपल्यासारखेच सेकंदाला 25 फ्रेम.

पुढे काम मिळतं का? मला विचारलं होतं. जानेवारीपासून कार्निव्हलच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग असतात, रोजावर ये म्हणाले. पण रात्री बारा-बारा वाजायचे, नवरा आठवड्यातले तीन दिवस बाहेरगावी, आणि लेक तिसरीत. तिच्या वहीत बाईंची चिठ्ठी आली होती, जर्मन कच्चं आहे, घरी लक्ष द्या. मी नाही म्हणून कळवलं आणि रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसले.

तिथे चौथीनंतर मुलांची वाटणी होते. बाई लेखी शिफारस देतात, गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, की रेआलशुले, म्हणजे तिच्याखालची दहावीपर्यंतची, की आणखी काही. आम्हाला रेआलशुले मिळाली. गणितात पहिली येणारी पोर. बाई फार गोड हसून बोलल्या, आम्ही दोघांनी माना डोलावल्या आणि तसा फॉर्म भरला. शिक्षकांनी सांगितलं म्हणजे झालं, असेच आपण वाढलोय ना. दोन वर्षांनी एका तुर्की शेजारणीने सांगितलं की आमच्या राज्यात ती शिफारस बंधनकारक नाही, शेवटचा निर्णय आईबापांचा. तिने तिच्या मुलाला शिफारस नसताना गिम्नाझियममध्ये घातलं होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही, खरंय. पण मी तरी कुठे विचारलं होतं? लेकीने पुढे सगळं भरून काढलं, आता इंजिनिअरिंग करतेय, ‘आई, सोड ना आता’ म्हणते. मी एका गोदाम कंपनीत हिशेब बघते. फेब्रुवारीत टीव्हीवर कार्निव्हल लागला की मी गाणी ऐकत नाही, कोपऱ्यात केबलवालं कुणी दिसतंय का ते बघते.

हे तुला का सांगतेय कोण जाणे. तुला ना नवरा, ना पोर. तू जा.

एकटेपणा असतो. रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा जरा जास्त.

त्यापेक्षा पत्रपेटीची काळजी कर. खोली मिळाली की पहिल्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव चिकटव, पासपोर्टवर आहे तसंच. पुणेरी पाटीपेक्षा तिथली पाटी कडक. नाव नसेल तर टपाल परत जातं, आणि बँकेपासून व्हिसा ऑफिसपर्यंत सगळं टपालानेच येतं. घरमालक पत्ता नोंदवायला लेखी कागद देणार का, हे पैसे भरण्याआधी विचार. नोंदणी झाली की थोड्याच दिवसांत टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचं पत्र येईल, महिन्याला 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. घाबरू नकोस. ती दर घरामागे एकच असते. सोबत राहणारं कुणी आधीच भरत असेल तर त्यांचा वर्गणीचा नंबर कळवायचा. मी अकरा महिने दुहेरी भरली.

मी अनंत चतुर्दशीनंतर आठवडाभर इथेच आहे. कॉलेजचं पत्र आणि अभ्यासक्रमाचं ते पान घेऊन ये, सही व्हायच्या आधी. आणि आईला सांग, चकली भाजणीची हवी, मागच्या वेळेसारखी तांदळाची नको.