निंदण माझं, वेचणी माझी. सातबारा एकट्या दिरांचा

प्रश्न : विदर्भात आमची चार एकर कोरडवाहू कपाशी आहे. जमीन सासऱ्यांनी स्वतः विकत घेतलेली. तीन वर्षांपूर्वी माझे पती वारले, गेल्या वर्षी सासरे. मृत्युपत्र नाही. मागे सासूबाई, दीर, नणंद, मी आणि माझा मुलगा. निंदण-वेचणी मी करते; फवारणी आणि विक्री दिरांकडे, पैसाही त्यांच्याच खात्यात. वारस नोंदीत फक्त त्यांचं नाव लागलं. म्हणतात, ‘शेती मी केली, तू नुसती मजुरी केलीस.’ आता पीककर्जासाठी म्हणून एका कागदावर सही मागताहेत.

उत्तर : ताई, आधी कागदाचं बोलू. सही करू नका. सातबाऱ्यावर तुमचं नावच नाही, मग कर्जाला तुमची सही कशाला लागते? तो कागद बहुधा हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा असेल. नोंदणी झाली की ते रद्द करून घ्यायला वर्षं जातात.

आता मजुरीचं. कोण किती राबलं यावर वारसा ठरत नाही. निंदणाने तुम्ही मालक होत नाही, तसे फवारणीने दीरही होत नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे आधी वारलेल्या मुलाची विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे. म्हणजे चार सारखे वाटे : सासूबाई, दीर, नणंद आणि तुम्ही मायलेक. तुमच्या वाट्याला एक एकर. त्यातले वीस गुंठे तुमचे, वीस मुलाचे. नणंदेचं नावही गाळलेलं आहे, तिला विश्वासात घ्या. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना कपाशीच्या कुठल्या ओळीला किती बोंडं लागतात ते तोंडपाठ असतं, गट नंबर मात्र माहीत नसतो. तो आधी काढा.

फेरफाराची, म्हणजे त्या वारस नोंदीची नक्कल घ्या. नोंद प्रमाणित झाली असेल तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करा. मुदत ६० दिवसांची, ती उलटली असेल तर उशिराचं कारण देऊन माफीचा अर्ज जोडा. फेरफाराने मालकी जात नाही, पण जमीन विकायला तो कागद पुरतो, म्हणून घाई. दीर ऐकत नसतील तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावा. त्यातच विक्रीला मनाई आणि सासरे गेल्यापासूनच्या कापसाच्या पैशाचा हिशेब मागा. वेचणीच्या मजुरांची वही, काटापट्ट्या म्हणजे कापूस मोजल्याच्या पावत्या, जे हाताशी असेल ते जपून ठेवा.

वकिलाच्या फीची काळजी नको. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.