वाचकांचे प्रश्न: चूक छोटी दिसते, तरी नकाशा सरकलेला

प्रश्न: वर्गात मायकेल गुडचाइल्ड यांचं नाव आलं. भूगोलाच्या प्राध्यापकाने जीआयएसमध्ये (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याच्या तंत्रात) नेमकं काय केलं? मी गोव्यातल्या दिवाडी बेटाची खाजनं (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतं) मोजतेय. जुनी टोपोशीट (सरकारी भूनकाशा) जिओरेफरन्स केली, म्हणजे तिला अक्षांश-रेखांश जोडले, आरएमएस (जुळवणीतली सरासरी चूक) छोटा आला, तरी ती सॅटेलाइट चित्रावर बसत नाही. (भूगोलाची विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर: गुडचाइल्ड यांची पदवी केंब्रिजची, भौतिकशास्त्रातली (1965); पीएचडी मात्र भूगोलात, कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातून (1969). 1988 ते 2012 ते कॅलिफोर्निया विद्यापीठात, सांता बार्बाराला होते. जीआयएस म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नव्हे, त्यामागे स्वतंत्र विज्ञान आहे, ही मांडणी त्यांनी 1992च्या लेखात केली. लोकांनी आपणहून भरलेल्या नकाशा-माहितीला त्यांनी 2007मध्ये नाव दिलं. ओपनस्ट्रीटमॅप हे तिचं ठळक उदाहरण. त्याच वर्षी त्यांना भूगोलातला मानाचा वोट्रां ल्यूद पुरस्कार मिळाला. तुमच्या कामाचं आहे ते त्यांचं अनिश्चिततेवरचं संशोधन: नकाशातली रेघ किती मीटरपर्यंत खरी मानायची?

आता टोपोशीट. चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश छापील आकड्यांवरून टाकलेत आणि प्रणाली डब्ल्यूजीएस 84 (जीपीएसची) निवडलीत, असं दिसतं. जुनी शीट पृथ्वीच्या एव्हरेस्ट या वेगळ्या लंबगोल आकारावर, कल्याणपूर डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या आधारावर) आहे. तेच आकडे डब्ल्यूजीएस 84 मध्ये वाचले की गोव्यात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. आरएमएस मात्र छोटाच राहतो, कारण सगळे बिंदू एकाच दिशेने सारखे सरकलेले असतात. तो आकडा बिंदू आपसात जुळतात एवढंच सांगतो. जागा बरोबर की नाही, हे त्याला कळत नाही.

म्हणून क्यूजीआयएस या जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये आधी कल्याणपूर 1975 (कोड 4146) निवडा, कोपऱ्यांबरोबर आतल्या रेषांचे छेद धरून आठ-दहा बिंदू द्या, मग शीट यूटीएम 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत (कोड 32643) बदलून घ्या. शेवटी जुळवणीत न वापरलेले पाच-सहा बिंदू चित्रावर तपासा: न बदललेले पूल, रस्त्यांचे तिठे. चर्चचं चिन्ह नको, ते खऱ्या इमारतीपेक्षा मोठं छापतात. खाजनाचा बांधही नको. मोजायचा आहे तोच बांध कसोटीला कसा लावणार?

एवढं करूनही 1:50,000 शीटवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर 25 मीटर भरते. तिच्यावरून ‘बांध 10 मीटर सरकला’ असा निष्कर्ष काढू नका.

तुमचं चित्र सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाचं असेल, तर त्याचा बारीकात बारीक पिक्सेल (चित्रातला एक चौकोन) 10 मीटरचा. 40 बाय 100 मीटरचं शेत म्हणजे 40 पिक्सेल, त्यातले 24 काठाचे. शेत पिक्सेलच्या जाळीत तिरकं बसतं (बहुधा बसतंच), तेव्हा काठाच्या पिक्सेलांत शेत, बांध आणि पाणी एकत्र मिसळतात. त्यामुळे एकेक शेत सुटं मोजू नका, अख्खं खाजन मोजा.

भरतीचंही बघा. हा उपग्रह गोव्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. त्या वेळी कधी भरती असते, कधी ओहोटी. दोन वर्षांची तुलना करताना मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून जवळपास सारख्या पातळीची चित्रं निवडा. मानशीची (बांधातल्या पाणी अडवायच्या झडपेची) दारं तेव्हा उघडी होती की बंद, हे गावात विचारा, ते चित्रातून उमगत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रं मिळणं कठीण, तेव्हा जानेवारी ते मे धरा. पण त्या दिवसांत खाजनांत बहुधा भात नसतो, हे अहवालात लिहा.