पाईप बदलायच्या आधी टेप आत धरा

प्रश्न : काका, घरच्या हॉलसाठी १० इंची सबवूफरचा (बेसच्या स्पीकरचा) पोर्टेड, म्हणजे हवेचा पाईप असलेला, बॉक्स सुताराकडून करून घेतला. १८ एमएम एमडीएफची फळी, मापं ४५ × ४० × ३८ सेंमी, म्हणजे ६८ लिटर. ३० हर्ट्झला ट्यून करायचा (म्हणजे त्या सुराला पाईप सगळ्यात जोरात बोलावा) म्हणून आतून ७ सेंमी व्यासाचा पीव्हीसी पाईप १४ सेंमी लांब कापून बसवला. पण बेस खाली उतरतच नाही, एकाच सुरावर घुमतो. आवाज वाढवला की पाईपमधून फस-फस ऐकू येतं. ११० एमएमचा पाईप लावू का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : लावा, पण त्याआधी बॉक्स आतून मोजा. तुमचं गणित बरोबर आहे, टेप तेवढी बाहेरून धरलीत. दोन्ही बाजूंची फळी वजा केली की उरतात ४१.४ × ३६.४ × ३४.४, म्हणजे जेमतेम ५२ लिटर. वूफरच्या मागच्या चुंबकाचे अडीच लिटर, आधाराच्या पट्ट्यांचे पावणेदोन आणि पाईपचा अर्धा-पाऊण काढा. राहिले ४७. एवढ्या हवेला तुमचा पाईप ३० नाही, ३६ हर्ट्झला ट्यून होतो.

माझा पहिला बॉक्सही असाच फसला होता. वर मी पाईप गोंदाने पक्का चिकटवलेला, तो करवतीने कापून काढावा लागला. तेव्हा नवा पाईप आधी नुसती चिकटपट्टी गुंडाळून घट्ट बसवा.

आता ११०चं. हा आतून सुमारे १०.४ सेंमी भरतो. तोंड सव्वादोन पट मोठं झाल्याने तेवढ्याच आवाजाला हवेचा वेग निम्म्याहून खाली येतो आणि फसफस थांबते. पण लांबी १४च ठेवलीत तर ट्यूनिंग उलट वर चढेल, थेट ५० हर्ट्झला! मग घरात मिरवणुकीचा दणका ऐकत बसा. रुंद पाईप लांबही करावा लागतो.

हिशोब असा : पाईपच्या आतल्या व्यासाचा (सेंमीत) वर्ग गुणिले २३५६२, त्याला हर्ट्झचा वर्ग गुणिले लिटर यांनी भागा, आलेल्या उत्तरातून व्यासाचा ०.७३ पट वजा करा. लांबी सेंमीमध्ये मिळते. ३०ऐवजी ३२ हर्ट्झ धरा, पाईप तेवढाच आखूड लागेल. हा जाडा पाईप स्वतःच पावणेपाच लिटर खातो, म्हणून हवा ४३ लिटर धरा. लांबी येते ५० सेंमी. सरळ मावणार नाही, एल्बो (वळणाचा जोड) लावा आणि माप मध्यरेषेवरून घ्या. समोरच्या फळीची जाडी लांबीतच मोजायची. आतलं तोंड बॉक्सच्या भिंतीपासून १० सेंमी तरी मोकळं हवं, बाहेरच्या तोंडाला सुताराकडून गोलाई मारून घ्या.

बसवल्यावर तपासायला उपकरण लागत नाही. मोबाईलवर टोन जनरेटर (ठरवलेल्या हर्ट्झचा सूर वाजवणारं अ‍ॅप) घ्या, आवाज बेताचा ठेवा आणि ५० हर्ट्झपासून एकेक पायरी खाली या. कोनवर, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्यावर, बोटाचं टोक अलगद ठेवा. ज्या आकड्याला कोन जवळजवळ थांबतो आणि पाईपसमोर धरलेल्या उदबत्तीचा धूर सगळ्यात जोरात थरथरतो, तेच तुमचं खरं ट्यूनिंग. ३५ आलं तर पाईप थोडा वाढवा. म्हणूनच पहिल्यांदा कापताना दोन-तीन सेंमी जास्त ठेवायचे. कापता येतं, जोडणं कटकटीचं.

त्या आकड्याच्या खाली मात्र जपून. तिथे आतल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलतो. अँप्लिफायरला सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) असेल तर २५ हर्ट्झच्या आसपास लावा.

एक गोष्ट तुम्ही कळवलीच नाहीत. वूफरबरोबरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे वूफरचा स्वभाव सांगणारे आकडे असतात. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडलेल्या आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी वाढवलेल्या पद्धतीचे हे आकडे, बॉक्स खरं तर त्यांवरूनच ठरवायचा असतो. क्यूटीएस ०.५च्या वर असेल तर ११०चा पाईप आणूच नका. आहे ते भोक फळीच्या तुकड्याने बुजवा आणि बॉक्स बंदच वापरा.